राखेच्या ढिगावर

अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकले, तेव्हा माझ्या शुद्धलेखनाच्या चुका कोणी काढायच्या नाहीत. नवऱ्याला मी जन्मभर 'अवो' म्हटलं. इथे लिहिताना मात्र 'तो' म्हणते. तो आता नाही, आणि त्यावरून मला बोलणारंही कोणी उरलेलं नाही.

माझं माहेर रेवदंड्याचं आणि सासरही रेवदंड्याचंच, त्याच कोळीवाड्यात. सासऱ्यांची होडी एक आणि मुलगे चार. होडीत तीन भाऊ मावले, चौथा उरला, तो हा. पेणच्या एका व्यापाऱ्याने त्याला सांगितलं की घाटाखालच्या स्टेशनात धट्टीकट्टी माणसं हवी आहेत, आणि हा निघाला. लग्न झाल्यावर मलाही घेऊन गेला. मला वाटलं, आगगाडी म्हणजे मुंबईच्या अलीकडे कुठेतरी, समुद्राच्या काठाकाठाने जात असेल. कसलं काय! धरमतरपर्यंत मचव्यातून, तिथून पेण, पेणहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत पोचले, आणि बघते तर समोर नुसता डोंगर. त्या डोंगराच्या पायथ्याशी रूळ येऊन संपत होते. मला तर तिथेच रडू फुटलं.

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड झाली, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं आणि नंतरची थोडी, एवढा काळ आम्ही तिथे काढला. स्टेशन ते केवढं! एक फलाट, एक मालधक्का, चार क्वार्टर आणि पाण्याची टाकी. जंक्शनवरून सकाळी गाडी यायची आणि संध्याकाळी परत जायची. ती गाडीही धड एकाची नाही, अर्धी माणसांची, अर्धी मालाची. सकाळी रिकाम्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आणून टाकायची. दिवसभर पेणकडून बैलगाड्या यायच्या, मीठ, तांदूळ, सुकी मासळी, गवत असलं सगळं त्या वाघिणींत भरलं जायचं. संध्याकाळी त्या भरलेल्या वाघिणी नीट क्रमाने लावून गाडीला जोडायच्या, हे माझ्या नवऱ्याचं काम. शंटिंग म्हणत त्याला.

नवी होते तेव्हा मी त्याला विचारलं, "क्रम कशाला लागतो? जोडल्या एकामागून एक की झालं."

तो जेवत होता. त्याने ताटातले सुके बोंबील काढून जमिनीवर ओळीने मांडले. पहिला पाण्याचा तांब्या, ते इंजिन. "त्याच्या पाठी मिठाच्या वाघिणी. गवत इंजिनाजवल लावलं तं ठिणगी पडून सगली गाडी पेटंल. मंग तांदूल, मंग गवत. मंग मानसांचे डबे. आनि आपली मासली सगल्यात पाठी, गार्डाच्या डब्याला लागून."

"गार्डाच्या नाकाखाली?"

"मंग काय! म्होरं लावली तं सगल्या गाडीला वास. पाठी लावली तं एकल्या गार्डाला." आणि हसला. मीही हसले, आणि दोघांनी मिळून ती गाडी खाऊन टाकली. असा बोलका होता तो.

त्याचा आवाज तर विचारूच नका. मालधक्क्यावरून हाक मारली की टाकीवरचे कावळे उडायचे. पण त्यात नवल ते काय? आमच्या कोळीवाड्यात सगळेच तसे. वाऱ्यावर, लाटांवर ओरडून बोलायची पिढ्यान्पिढ्यांची सवय. रेवदंड्याला घरात हळू बोलणं ऐकू आलं तर शेजारीण धावत यायची, कोण गेलं म्हणून. स्टेशनमास्तर आधी वैतागायचे, "अरे, मी काय पेणला उभा आहे का?" मग त्यांनीही नाद सोडला. कोळीच आहे, ओरडणारच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. मीसुद्धा.

मला तिथे करमेना. रात्री अंथरुणावर पडलं की कान नुसते रिकामे. समुद्राची गाज ऐकत वाढलेल्या माणसाला त्या शांततेत झोप कशी यावी? डोंगर मेला तोंड शिवून बसलेला. मास्तरांची बायको माणूस म्हणून वाईट नव्हती, पण माझ्या चुलीवर मासळी चढली की तिकडची खिडकी धाडकन लागायची. मग मीही मुद्दाम जवळा भाजायची. बाकीच्या दोन क्वार्टरांत सडे पुरुष. म्हणजे सबंध दिवसात बोलायला मिळायचा तो एक हाच. संध्याकाळी गाडी गेली की येईल आणि बोलेल, एवढ्यावर मी दिवस काढायची.

आणि तोच बोलेनासा झाला. एकदम नाही, हळूहळू. मी चुलीपाशी बसून दिवसाचं सगळं सांगायची आणि याचं आपलं दाराकडे तोंड. काही विचारलं तर उत्तर नाही. दोनदा विचारलं तर "व्हय, व्हय" म्हणायचा, तेही नको तिथे. मी विचारायची, "भाकरी वाढू का भात?" हा म्हणणार, "व्हय." मग माझं डोकं फिरायचं. मीही तोंडाला कुलूप घातलं. म्हटलं, बघू कोण आधी बोलतं ते. दिवसच्या दिवस गेले. बाहेर यार्डात मात्र त्याचा आवाज घुमायचा, "येऊ दे! अजून! बस!" तो ऐकला की माझ्या अंगाची लाही व्हायची. बाहेर सगळ्यांशी बोलतो, घरात आला की मुका. मला मूल नव्हतं. मी मनाशी पक्कं केलं की याचं मन उडालंय माझ्यावरून. पदराने तोंड दाबून किती रडले असेन त्या दिवसांत, माझं मला ठाऊक.

एके दिवशी तो जेवायला बसला होता, पाठ माझ्याकडे. मी फळीवरून पितळी पातेलं काढायला गेले आणि ते निसटलं. शहाबादी फरशीवर असं काही दणाणलं की मीच किंचाळले. शेजारून मास्तरांची बाई ओरडली, "काय गं, काय पडलं?" आणि हा? हा भात कालवत होता. मान वळली नाही, खांदा हलला नाही.

मी दुसरं पातेलं घेतलं आणि मुद्दाम टाकलं. मग झाकणी. मग परात. तो शांतपणे आमटीचा भुरका मारत होता. मी धपकन खाली बसले आणि हसत सुटले. खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. हा माझ्यावर रागावलेला नाही. याचं मन उडालेलं नाही. याला ऐकूच येत नाही! एवढे महिने मी भिंतीवर डोकं आपटत होते ती भिंतच नव्हती.

आणि मग वाघिणी आठवल्या.

जोडणीचं काम कसं चाले ते मी रोज बघत होते. इंजिन वाघिणी ढकलत मागे आणायचं. दोन वाघिणींच्या मध्ये, धक्के झेलणाऱ्या बफरांच्या खालून वाकून हा आत शिरायचा. जड साखळी उचलून आकड्यात अडकवायची, पेच आवळायचा. इंजिन हलणार असेल तर ड्रायव्हर आधी शिट्टी देणार, आणि शिट्टी झाली की आतल्या माणसाने असेल तसं बाहेर पडायचं. म्हणजे त्याचा जीव त्या शिट्टीवर होता. आणि शिट्टी त्याला ऐकूच येत नव्हती.

मी समोर जाऊन बसले आणि कानाला हात लावून दाखवला. त्याचा घास तोंडातच राहिला.

"कवा कललं?" त्याने विचारलं. घर हादरेल एवढ्या मोठ्याने.

मी पातेल्यांकडे बोट दाखवलं. फरशीवरचा तो पसारा बघून त्याला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले. आदल्या पावसाळ्यात त्याला हिवतापाने धरलं होतं, आणि दवाखान्यातून कोयनेलच्या गोळ्यांवर गोळ्या दिल्या होत्या. तेव्हापासून कानांत रातकिडे ओरडायला लागले, आणि मग तेही थांबले, म्हणाला. कान कोयनेलने गेले की रोजच्या शिट्ट्यांनी, देव जाणे.

"पन मंग शिट्टी?" मी हातवारे करून विचारलं.

"रुलाला हात लावला का कलतं. इंजिन हलायच्या आदी रूल थरथरतो." आणि मग माझा हात धरून म्हणाला, "कुनाला सांगू नुको गो. काम गेलं तं जानार कुठं? होडीत जागा न्हाय."

खरं होतं. भावांच्या दारात बसून खायचं त्याच्याच्याने झालं नसतं. पण मला सांगा, साखळी उचलायला दोन्ही हात लागतात. मग रुळाला लावायला तिसरा हात कुठून आणणार हा? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शंटिंग सुरू झालं तशी मी कोळसे वेचायच्या निमित्ताने पाटी घेऊन यार्डापलीकडे गेले.

तिथे रुळांच्या पलीकडच्या अंगाला इंजिनातून काढलेल्या राखेचा ढीग होता, चांगला पुरुषभर उंच. त्यावर उभं राहिलं की दोन वाघिणींच्या फटीतून आतला माणूस दिसे आणि त्याला मी दिसे. पहिल्या दिवशी शिट्टी झाली आणि मी दोन्ही हात आभाळाकडे केले. झालं! रेल्वेत दोन्ही हात वर म्हणजे 'थांबा', हे मला कोण सांगणार? ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, वाघिणी एकमेकींवर धडाधड आदळल्या, आणि तो खाली उतरून मला ज्या शिव्या घालायला लागला त्या आमच्या बंदरावरही ऐकल्या नव्हत्या. मीही काही कमी नाही, दोन त्यालाही हाणल्या. पण त्या रात्री आम्ही दोघांनी दुसरी खूण ठरवली. शिट्टी झाली की मी डोक्यावरची पाटी सावरते तसे दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. पाटी असो वा नसो. माझे हात डोक्यावर दिसले की त्याने हातातलं सोडून बाहेर उडी घ्यायची.

मग ते रोजचंच झालं. उन्हात, पावसात, अंगात कसर असताना, मी आपली राखेच्या ढिगावर उभी. पाय घोट्यापर्यंत राखेत, लुगड्याचा काष्टा करडा झालेला. सगळ्या स्टेशनाची चेष्टा मी ऐकून घेतली. गार्ड म्हणायचा, "नवरा पळून जाईल म्हणून राखण करते." मास्तर रोज न चुकता फलाटावरून, "काय गं, आलीस पहाऱ्यावर?" त्यांची बाई एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाली, "डोक्याला हात लावून उभी राहू नये गं, अवलक्षण असतं. घरात कोणी गेल्यासारखं दिसतं." मी म्हटलं, "जाऊ नये म्हनून तं लावते." पुढे काय सांगणार होते मी तिला?

बोलता येत नव्हतं, हेच फार जड जायचं. घरी बोलावं तर त्याला ऐकू येत नाही. बाहेर बोलावं तर गुपित फुटेल. हातवाऱ्यांनी कामापुरतं भागायचं, पण मनातलं हातवाऱ्यांनी कसं सांगणार? आज मला आईची आठवण आली, हे कुठल्या हाताने सांगायचं? तरी त्या ढिगावर उभी असताना मला एक बरं वाटे. दिवसभरात तेवढा वेळ तो माझ्याकडे बघत असायचा. एकटक, डोळ्याची पापणी न हलवता. लग्नातही इतकं बघितलं नव्हतं त्याने.

मग एका कार्तिकात मला हिवतापाने धरलं. दुपारपासून हुडहुडी. दोन गोधड्या आणि वर घोंगडी घातली तरी दात वाजत होते. तो कामावर जायला निघाला तेव्हा मी म्हटलं, येते संध्याकाळी. म्हणजे खुणेने म्हटलं. उठू असं खरंच वाटत होतं. पण ऊन कललं तेव्हा पाय जमिनीला लावला आणि घर गरगर फिरलं.

पडल्या पडल्या मी ऐकत होते. इंजिन पाणी घेऊन मागे आलं. वाघिणींचे बफर एकमेकांना भिडले. मग शिट्टी. थोड्या वेळाने पुन्हा शिट्टी. मग लांबलचक, आणि परत, आणि परत. लोकांची आरडाओरड सुरू झाली. पण याचा आवाज नाही. त्या सगळ्या गलक्यात त्याचा तेवढा आवाज नव्हता. मला काय वाटलं असेल ते लिहवत नाही. मी अंथरुणातून कोपरांवर सरपटत उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच राहिले. देवाला म्हटलं, हात जाऊ दे, पाय जाऊ दे, पण जीव ठेव त्याचा.

आणि तो दारात उभा! हातात शंटिंगचे लाल-हिरवे झेंडे, धापा टाकत होता. वाघिणी तशाच सोडून, गाडी तशीच उभी ठेवून आला होता.

"ढिगावर न्हवतीस तू," तो म्हणाला. "तू न्हवतीस, मी आत गेलोच न्हाय." आणि मला उचलायला वाकला.

त्याच्या मागून मास्तर येत होते. टोपी नाही, घाम गळतोय. "अरे, गाडी उभी आहे तिकडे! वेड लागलंय का तुला? अरे, तुझ्याशी बोलतोय मी!" अगदी पाठीशी येऊन ओरडत होते. त्याला काय कळणार? तो माझ्या कपाळावर हात ठेवून ताप बघत होता. मला एवढंच सुचलं की याला सांगावं, मागे माणूस आहे, वळून बघ, नाहीतर सगळं कळेल. तापात दुसरं काही डोक्यात येईना. माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले.

त्याबरोबर त्याने बाजूला उडी घेतली. रोज वाघिणींतून घ्यायचा तशीच. अंग चोरून, पाठ भिंतीला चिकटवून, श्वास धरून उभा राहिला. आमच्या स्वयंपाकघरात. इंजिन जायची वाट बघत.

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या डोक्यावरच्या हातांकडे. ते हात त्यांनी रोज संध्याकाळी फलाटावरून बघितले होते. मी ते झटकन खाली घेतले, पण आता काय उपयोग होता?

"किती दिवस?" मास्तरांनी मलाच विचारलं, अगदी हळू आवाजात. ते तिथेच उंबऱ्यावर टेकले आणि म्हणाले, "आणि मी चेष्टा करत होतो." मग उठले, त्याच्या हातातले झेंडे काढून घेतले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. त्या संध्याकाळी गाडी त्यांनी दुसऱ्या माणसाकडून जोडून घेतली. लांबून मी शिट्टी ऐकली तेव्हा माझे हात उचलायला गेले, आणि तो शेजारीच बसला होता.

मास्तरांनी बरीच खटपट केली, पण बहिऱ्याला रेल्वेत ठेवतात कुठे? आम्ही आलो तसेच परत निघालो, पेण, धरमतर, मग मचवा. रेवदंड्याला उतरले आणि समुद्राची गाज कानावर आली. इतकी वर्षं जिच्यासाठी तळमळले ती गाज! मी तिथेच वाळूत बसले आणि त्याला म्हटलं, "ऐका, अवो, ऐका!" जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. त्याला तोही ऐकू आला नाही.

दिरांनी जागा दिली, जाळी विणायचं काम दिलं. वाईट वागवलं नाही कोणी. मला बायका भेटल्या, भांडणं भेटली, बाजार भेटला, माझं तोंड पुन्हा सुरू झालं. पण रात्री मी पडायची तेव्हा लाटा घराच्या भिंतीपर्यंत आल्यासारख्या वाजायच्या, आणि तो शेजारी डोळे उघडे ठेवून पडलेला असायचा. डोंगराखाली आम्ही दोघं एकाच शांततेत होतो. इथे आवाज होता, आणि तो मला एकटीलाच होता. त्या आवाजाचा मला राग येऊ लागला.

एकदा संध्याकाळी होड्यांची वाट बघत सगळे किनाऱ्यावर उभे होते. हा पुढे जाऊन लाटेच्या कडेला उकिडवा बसलेला. वाटलं, काहीतरी शोधतोय. जवळ गेले तर ओल्या वाळूवर तळहात टेकून बसला होता, रुळावर टेकायचा तसाच. एक मोठी लाट अजून लांब होती.

"येते गो," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघत राहिला. डोळ्याची पापणी न हलवता, ढिगावर उभी असताना बघायचा तसाच.

लाट जवळ आली, फुटायला आली. मी दोन्ही हात डोक्यावर नेले. त्याने उडी घेतली आणि पाणी आमच्या पायांवरून गेलं.